मंगळवारची डबल प्रॅक्टिस

"सुभेदारकाका, बैलाला सोमवारी जुंपत न्हाईत, मग आमाला कुठल्या वारी सोडणार?"

प्रश्न खरं म्हणजे तेजस्वीचा नव्हता. सुचला होता तिच्या मैत्रिणीला, आरोहीला, त्याला धार लावली होती दुसऱ्या मैत्रिणीनं, ब्राह्मीनं, आणि विचारायची पाळी आली तेजस्वीवर, कारण आदल्या संध्याकाळी "मी कुणाच्या बापाला भीत न्हाय" असं तीच म्हणाली होती.

"भीत न्हाईस न्हवं? मग विचार उद्या, सगळ्यांसमोर," आरोही म्हणाली होती. "विचारलंस तर बेळगावास्नं कुंदा आणून घालतो आमी तुला."

दहावीत गेल्यापासून तेजस्वीला नवा कंठ फुटला होता. कडोलीच्या साहित्य संमेलनात ती श्रोत्यांतून उठून थेट पाहुण्यांना प्रश्न विचारून आली होती आणि तेव्हापासून माईक दिसला की तिचे हात शिवशिवायचे. माईक नसला तर नुसती गर्दीही चालायची. आणि पहाटे पाच वाजता शाळेच्या मैदानावर, डोंगरावरून उतरलेल्या धुक्यात, तीन रांगांत उभं असलेलं अर्धं गाव म्हणजे काही कमी गर्दी नव्हती.

सुभेदार भावकू यांनी शिट्टी तोंडातून काढली. "कोण बोललं त्ये?"

"मी. तेजस्वी."

पुढच्या रांगेत उभे असलेले तिचे वडील रविराज मनगटावरच्या घड्याळात इतके वाकून बघायला लागले, की जणू मुलगी त्यांची नसून घड्याळाचीच होती.

"बैल काय तालुक्याला पळायला जातोय व्हय गं?" सुभेदारांनी विचारलं.

"जातोय की काका! शर्यतीत!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मैदान खदखदलं.

"गप!" सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "प्रश्न सुचतोय म्हंजे अंगात दम शिल्लक हाय. तेजस्वी, दोन राऊंड जादा. जे हसले त्यांना एक."

हसलं सगळंच गाव होतं. त्यामुळं सगळं गाव पळालं. कुंदा मात्र ठरल्याप्रमाणे आला, आणि तिघींनी तो बाकावर पाय वर घेऊन खाल्ला, कारण खाली सोडले की पोटऱ्या दुखत होत्या.

आता हे पळायचं वेड बेळगुंदीच्या पलीकडच्या या गावात आलं कसं, ते सांगायला पाहिजे. सुभेदार सैन्यातून रिटायर होऊन घरी आले, आणि पहाटे चारनंतर त्यांना झोप येईना. एकट्यानं जागं राहण्यापेक्षा त्यांनी गावच जागं करायचं ठरवलं. सुरुवात चांगली होती, हे तेजस्वीही मान्य करायची. भरतीला जाणाऱ्या पोरांना शिस्त लागली. सोसायटीचे चेअरमन मारुतीराव यांची साखर उतरली. बायकांची वेगळी बॅच निघाली. तेजस्वीला तर आपण वाऱ्यासारखं पळतो हा शोध याच मैदानावर लागला. त्याच्या आधी ती फक्त आईच्या हातातल्या लाटण्यापुढं पळायची.

पण आपल्या गावाला एखादी गोष्ट चांगली आहे म्हणून सांगावं, आणि मग त्या गोष्टीचं काय होतंय ते बघावं.

'पहाटेचे वाघ' नावाचा ग्रुप निघाला. त्यावर सकाळी देवाऐवजी घामेजलेल्या मनगटांचे फोटो यायला लागले. पूर्वी माणसं भेटली की "जेवलासा काय?" विचारायची, आता "आज किती झालं?" विचारायला लागली. बारशाला गेलेला पाहुणा पाळणा हलवताना मनगटावरचे आकडे बघायचा. 'दमलो' हा शब्द गावातून हद्दपार झाला. लंगडणं प्रतिष्ठेचं झालं. चेअरमन दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, कमरेला रुंद बेल्ट आवळून सोसायटीत यायचे, तेव्हा माणसं उठून उभी राहायची. एकदा उठली की त्या माणसांना परत बसता येत नव्हतं, कारण त्यांचेही गुडघे गेले होते. देवळात आरतीला उदबत्तीपेक्षा मलमाचा वास जास्त यायला लागला.

रविराज अण्णा तर या वेडाचे पुजारीच. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर होते, सकाळ-संध्याकाळ शेत बघायचे, आणि मधल्या प्रत्येक फटीत पळायचे. परवा संकेश्वरला पाहुण्यांच्या लग्नाला निघाले, बसमध्ये डोळा लागला, आणि जागे झाले ते निपाणीच्या स्टँडवर. लग्न हुकलं. घरी येऊन सांगितलं, "मुद्दामच गेलतो. निपाणीचा स्टँड लई मोठा हाय, चालायला बरा."

आईही बायकांच्या बॅचमध्ये होती. तिला पळायला आवडायचं, कारण दिवसातला तो एकच तास असा होता की "च्या टाक गं" असं कुणी म्हणत नव्हतं. पण परत आली की धार, चूल, भाकरी, गोठा, धुणं, मग रताळ्याच्या वेलांत खुरपणं. तिचा व्यायाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे घड्याळाला कळायचा प्रश्नच नव्हता. घड्याळ अण्णांच्या हातात होतं.

या सगळ्यातून सुटका फक्त ब्राह्मीला मिळायची. ती निपाणीकडची, जैनांच्या घरची. वडील इथल्या बँकेत बदलून आलेले. "काका, आज चतुर्दशी, उपास हाय," म्हटलं की सुभेदार तिला बाजूला बसवायचे. एकदा त्यांना शंका आली. बाकीच्यांची चतुर्दशी महिन्यात दोनदा येते आणि ब्राह्मीची दर आठवड्याला कशी? त्यांनी बाजारातून कॅलेंडर आणलं आणि खिळा ठोकून मैदानावरच्या झाडाला टांगलं. ब्राह्मीची मोक्षाची वाट तिथंच बंद झाली.

तेजस्वीची नडगी याच सुमारास दुखायला लागली.

आधी नुसती चुणचुण. मग जिना चढताना ठणका. मग पांघरूण लागलं तरी कळ. तिनं अण्णांना सांगितलं.

"दुखतंय?" अण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजे लागू पडतंय!"

ऑगस्टमध्ये तालुका क्रीडा स्पर्धा होत्या. तीन हजार मीटरसाठी शाळेतून एकीचंच नाव जाणार होतं, आणि ते तेजस्वीचंच असणार हे शिपायालाही माहीत होतं. पण शाळेच्या पी.टी.च्या प्रिया टीचर घड्याळ बघून कपाळाला आठ्या घालायला लागल्या होत्या.

"तेजस्वी, दर आठवड्याला मागं चाललीस तू. काय करतीस काय?"

"रोज पळतोय की टीचर! पहाटे गावात, परत शाळेत!"

"रोज मीठ घालतीस, पण लोणचं मुरू कधी देतीस?" टीचर म्हणाल्या. "हे बघ, असंच राहिलं तर मला दुसऱ्या पोरीचं नाव पाठवायला लागंल. मला काय आवडतंय व्हय ते?"

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना तेजस्वी पहिल्यांदाच मैदानाकडं न बघता पुढं गेली. बाकी सगळं तिचं बोलण्यातलं होतं, कौतुकही, भांडणंही. पण पळणं हे एकच असं होतं, जे तोंड बंद ठेवूनही तिचं स्वतःचं होतं. ते हातातून निसटत होतं, आणि जितकं जोरात धरावं तितकं लवकर.

आणि अशात गावदेवीचे वार आले.

रोपलावण संपली की गाव पाच मंगळवार पाळतं. त्या दिवशी औत चालत नाही, गिरण बंद, कांडण बंद, धुणं बंद, शेताच्या बांधावर पाय टाकायचा नाही. जमिनीला विसावा, जनावराला विसावा, माणसालाही. मोडला तर देवीला नारळ आणि वर चारचौघांत बोलणी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तेजस्वीला वाटलं, सुटले! देवीच आपल्या बाजूनं उभी राहिली!

पण पहिल्या वाराच्या आदल्या संध्याकाळी देवळात बैठक बसली. विषय एकच: पळणं हे काम धरायचं की नाही?

"घाम येतोय म्हंजे काम," एक पंच म्हणाले.

"घाम जेवताना बी येतोय," सुभेदार म्हणाले. "जेवायचं बंद करतासा?"

"कामाचं कायतरी निपजतंय. पळून काय निपजतंय?" दुसऱ्यांनी विचारलं.

"काय न्हाय निपजत," चेअरमन मारुतीराव बेल्ट सैल करत प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग झालं तर!" सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "ज्यातनं कायबी निपजत न्हाय, त्ये काम न्हाय. देवीची हरकत न्हाय. उलट बघा, मंगळवारी शेत न्हाय, गिरण न्हाय, दिवस मोकळा. असा मोका वर्षातनं पाचदाच. मंगळवारी डबल प्रॅक्टिस!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी अण्णांची होती. अशा रीतीनं, विसाव्यासाठी देवीनं राखून ठेवलेला दिवस आठवड्यातला सगळ्यात घाम काढणारा दिवस झाला. त्या मंगळवारी गावातल्या बायकांना हातात खुरपं धरायला बंदी होती, पण डोंगरावरच्या देवळापर्यंत पळत जाऊन पळत यायला पूर्ण मोकळीक होती. गोठ्यातले बैल रवंथ करत दारातून धापा टाकत जाणारे मालक बघत होते.

दुसऱ्या मंगळवारी दुपारच्या प्रॅक्टिसला झिमझिम सुरू झाली आणि अण्णांनी तेजस्वीला गोठ्यावरच्या माळ्यावरून इरलं आणायला पाठवलं. माळ्यावर भाताच्या पेंढ्याचं पिंजर भरलेलं होतं, कोरडं आणि ऊबदार. पत्र्यावर पाऊस वाजत होता. खाली बैलांच्या गळ्यातल्या घंट्या अधूनमधून किणकिणत होत्या. तेजस्वीनं नडगी चोळायला म्हणून जरा टेकलं.

उठली तेव्हा आई देवापुढं दिवा लावत होती.

खाली उतरता उतरता तिनं तीन सबबी जुळवल्या. पण कुणी काही विचारलंच नाही. अण्णांना वाटलं, इरलं सापडलं नसणार, पोरगी तशीच बायकांच्या बॅचमध्ये पळाली. आईला वाटलं, अण्णांबरोबर गेली. बुधवारी वरून मुसळधार पडलं, मैदानाचं तळं झालं, तोही दिवस बुडाला. गुरुवारी शाळेत टीचरांनी घड्याळ लावलं, आणि तेजस्वी पळाली.

पळाली म्हणजे काय! पाय जमिनीला लागत होते की नाही हेच तिला कळेना. शेवटच्या फेरीला तिला चक्क हसू यायला लागलं. टीचरांनी घड्याळ झटकून कानाला लावलं.

"पोरी, काय केलंस गं?"

तेजस्वीनं तोंड उघडलं. पण फाटकाशी सुभेदार उभे होते, भरतीच्या पोरांचे दाखले न्यायला आलेले. ती बोलायच्या आत बातमी ग्रुपवर पडली होती: 'डबल प्रॅक्टिसचा दणदणीत विजय! तेजस्वी रविराज हिचा विक्रमी वेग!' खाली वाघांच्या चित्रांची रांग. अण्णांनी तर कंपनीत पेढे वाटले. आणि संध्याकाळी सुभेदारांनी जाहीर केलं, "डबलनं एवढं झालं, तर तिबलनं काय हुईल? पुढच्या मंगळवारी तीन टायम!"

तेजस्वीनं खरं फक्त दोघींना सांगितलं, शाळेमागच्या नळावर.

"म्हंजे," ब्राह्मी सावकाश म्हणाली, "तू झोपलीस, आणि त्याच्यापायी आमी तीनदा पळायचं?"

"सुम्म बस गं, हळू बोल."

"का सुम्म बसू? एवढी बोलघेवडी तू, आता का दातखीळ बसली?"

"सांगणार हाय," तेजस्वी म्हणाली. "वेळ बघून सांगणार हाय."

वेळ काही सापडली नाही. रस्त्यात माणसं थांबवून शाबासकी देत होती. चेअरमननी सोसायटीत तिचा फोटो लावला. पेढे खाल्लेल्या माणसांना जाऊन 'मी झोपले होते' कसं सांगायचं? ज्या तोंडानं ती पाहुण्यांना आडवं लावायची, त्याच तोंडानं ती आता नुसती हसून मान हलवायची.

तिसरा मंगळवार उजाडला. सकाळची फेरी पार पडली. दुपारची कशीबशी. तिसऱ्या फेरीला चेअरमन मारुतीराव रस्त्यावरून बांधापलीकडच्या शेतात घसरले, चिखलात बसकण मारली, आणि कंबर तिथंच धरली. ना पुढं, ना मागं.

"बैल आणा रं, दोर लावून वडू!" कुणीतरी ओरडलं.

"बैल कसं जुंपतासा? वार हाय आज!"

"मग ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर म्हंजे औतच की!"

पंच तिथंच बांधाच्या अलीकडं उभे राहिले, कारण शेतात पाय टाकायचा नव्हता. चेअरमनना उचलणं हे काम की मदत, यावर पावसात भिजत चर्चा झाली. चेअरमन चिखलातून दोन्ही बाजूंना हात जोडत होते. शेवटी निर्णय झाला: उचलणं हे काम, पण माणूस स्वतः उठत असेल आणि आपण नुसता हात दिला, तर ती मदत. तेव्हा चेअरमननी स्वतः उठावं. चेअरमननी आयुष्यात कुणाला दिल्या नसतील अशा शिव्या दिल्या. अखेर एक नारळ दंड ठरवून चौघांनी त्यांना बाजेवर घातलं.

या गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही की मागं वळणावर आरोही रस्त्याच्या कडेला पाय धरून बसली होती, आणि रडत नव्हती. आरोही रडत नाही म्हणजे खरंच काहीतरी झालं होतं; एरवी ती गृहपाठालाही रडायची.

पायाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, हे एका दिवसाचं नव्हे, हाड कधीपासून सांगत असणार.

तेजस्वी भेटायला गेली तेव्हा आरोही उशांच्या ढिगात राणीसारखी पडली होती.

"ये गं. बघ, गावात कायदेशीर झोपायची परवानगी एकट्या मलाच हाय," ती म्हणाली. "सुभेदारकाका येऊन गेले. म्हणाले, हातांचा व्यायाम करत जा."

दोघी पोट धरून हसल्या. मग आरोहीच्या आईनं चहा ठेवला, आणि ती आत गेल्यावर आरोही प्लास्टरवर पेननं रेघा ओढत म्हणाली, "तुझी नडगी कशी हाय?"

"परवा तीनदा पळाले न्हवं. परत ठणकायला लागलीय."

"तू का पळालीस मग? तुला तर म्हाईत हुतं."

तेजस्वी उशीचा अभ्रा सारखा करायला लागली.

"तू सगळीकडं बोलतीस गं," आरोही म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तेवढं एकच बोलली न्हाईस."

घरी आली तर ओट्यावर अण्णा मोबाईल घेऊन बसले होते. पुढच्या मंगळवारी, चौथ्या वाराला, सुभेदारांनी महाधाव ठरवली होती: डोंगरावरच्या देवळापर्यंत तीन वेळा, पुढं झेंडा घेऊन तेजस्वी. तालुका स्पर्धा त्याच आठवड्यात, गुरुवारी होती.

"तेजा, फोटो कुठला टाकू? हा पळतानाचा का हा कप घेतलेला?" अण्णांनी मान वर न करता विचारलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. विचारता विचारताच त्यांचा डोळा लागला, हनुवटी छातीला टेकली, आणि ते दचकून परत जागे झाले. चुलीपाशी आई एका हातानं भाकरी परतत होती आणि दुसऱ्यानं गुडघ्याला तेल लावत होती.

तेजस्वी दोघांच्या मध्ये उभी राहिली. माईक नव्हता. गर्दी नव्हती. आणि तिच्या लक्षात आलं की आजवर ती कधी एवढी घाबरली नव्हती.

"अण्णा, कुठलाच टाकू नका. आई, तू बी ऐक."

"काय झालं गं?" आईचा हात थांबला.

"त्या मंगळवारी दुपारी मी पळालेच न्हवते. माळ्यावर झोपलते. दिवेलागणीपतोर."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं, मग परत तिच्याकडं. "म्हंजे... ते टायमिंग?"

"झोपेचं."

"पण मी पेढे वाटले गं!"

"म्हाईत हाय."

आई तोंडाला पदर लावून हसत होती की काय, कळेना. अण्णा उठले, आत गेले, बाहेर आले. "पोरी, मंगळवारी महाधाव हाय. झेंडा तुझ्या हातात दिलाय. गाव काय म्हणंल? सुभेदारांना मी काय सांगू?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे," आई चुलीकडूनच म्हणाली. "आधी ती काय म्हणतीया ते ऐका."

तेजस्वीनं श्वास घेतला.

"तुमी सुभेदारकाकांना काय बी सांगू नका, अण्णा. मी सांगणार. उद्या पहाटे, सगळ्या रांगा उभ्या राहिल्या की पुढं जाऊन सांगणार, मी झोपलते म्हणून ते टायमिंग आलं, आणि मी गप बसले म्हणून आरोहीचा पाय गेला. शिक्षा देऊ देत, पेढ्यांवरनं हसू देत. पण आजपास्नं बुधवारपतोर मी एक पाऊल पळणार न्हाय, मंगळवारी तर मुळीच न्हाय. गुरुवारी नडगी थंड असली तर तालुक्याला उतरणार, न्हाय तर प्रिया टीचरना दुसरीचं नाव घालायला मीच सांगणार, आणि यंदा कडेला उभी राहून टाळ्या वाजवणार. पुढच्या वर्षी पळायला पाय माझेच लागणार हाईत, अण्णा. ठरलंय माझं."